धाप हृदयामुळे आहे का? रक्त काय सांगतं

हृदयाच्या भिंती ताणल्या गेल्या की तिथल्या पेशी बीएनपी हे संप्रेरक रक्तात सोडतात. ते लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढतं, रक्तवाहिन्या सैल करतं. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना ते पहिल्यांदा सापडलं, तेही डुकराच्या मेंदूत! बीएनपी तयार होताना सुटणारा आणि रक्तात जास्त वेळ टिकणारा तुकडा म्हणजे एनटी-प्रोबीएनपी.

अचानक धाप लागलेल्या रुग्णात बीएनपी १००च्या किंवा एनटी-प्रोबीएनपी ३००च्या खाली (पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर) असेल, तर हार्ट फेल्युअरची शक्यता फारच कमी. चाचणीचं खरं बळ इथेच आहे. आकडा चढलेला दिसला म्हणून मात्र निदान पक्कं होत नाही. वाढतं वय, किडनीचा विकार, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) यांनीही तो चढतो. टू-डी एको करावा लागतोच. उलट, स्थूल व्यक्तीत हा आकडा अपेक्षेपेक्षा कमी येतो आणि रिपोर्ट वाचताना नेमकं हेच निसटतं.

सॅक्युबिट्रिल-व्हालसार्टन हे हार्ट फेल्युअरवरचं औषध चालू असेल, तर त्या औषधानेच बीएनपी वाढू शकतं. अशा वेळी एनटी-प्रोबीएनपी पाहावं. उपचारांनी हा आकडा बराच खाली आला, तर ते चांगलं लक्षण. रुग्णालयातून घरी जातानाही तो चढाच राहिला, तर पुन्हा दाखल होण्याचा धोका अधिक.