पत आणि ऐपत : गावातल्या तरुणाला भांडवल का मिळत नाही?



आजचा विषय पैशाचा आहे, आणि बोलायला उभे आहोत आम्ही, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेले. काहींना हसू आलं असेल. येणारच. पण या विषयाशी आमचा संबंध पुस्तकातून आलेला नाही, एका सहीतून आला. ती गोष्ट आधी सांगतो, मग विचार करू.

आमचा एक जुना विद्यार्थी, याच तालुक्यातला. त्याला दालमिल टाकायची होती. हिशेब सरळ होता. आपल्याकडे तूर पिकते, ती व्यापारी नेतो, आणि तिचीच डाळ होऊन आपण दुकानातून विकत आणतो. मधली कमाई गावात का राहू नये? दिवाळीच्या सुमारास त्यानं आठ लाखांच्या कर्जाचा अर्ज केला. बँकेनं तारण मागितलं. सातबारा वडील आणि दोन काका यांच्या सामाईक नावावर. काका सही करेनात. मग जामीनदार आणा म्हणाले, आणि जामीनदार झालो आम्ही, पेन्शनवाले. तेवढ्यात शाखेतले साहेब बदलले, नव्या साहेबांनी कागद पुन्हा मागवले. मंजुरी आली मे महिन्यात, मशीन लागली पोळ्याच्या आसपास. तूर केव्हाच निघून विकली गेलेली. सुगीत स्वस्त मिळणारा माल त्याला व्यापाऱ्याकडून चढ्या भावानं घ्यावा लागला, तोही उधारीवर. कारण कर्ज मिळालं होतं मशीनसाठी; माल घ्यायला खिशात काही नव्हतं. हप्ता मात्र सुरू झाला. त्यातले दोन हप्ते आमच्या खात्यातून गेले.

आता यात चूक कोणाची, हे शोधत बसलो तर संध्याकाळ जाईल. आपण वेगळा प्रश्न विचारू. त्या पोराची कल्पना चांगली होती, मेहनतीची तयारी होती, बँकेत पैसाही होता. मग अडलं कुठं?

मराठीत दोन शब्द आहेत : पत आणि ऐपत. आपण ते एकाच दमात उच्चारतो, पण त्यांत फरक आहे. ऐपत म्हणजे तुमच्याकडे आज काय आहे : शेत, घर, पगार, सोनं. पत म्हणजे तुमच्या शब्दावर लोक किती विसंबतात. ऐपत वारशानं मिळू शकते, पत ज्याची त्यानं कमवावी लागते. आपल्या व्यवस्थेची अडचण अशी, की ती पतपुरवठा म्हणते आणि मोजते ऐपत. बावीस वर्षांच्या मुलाची ऐपत असणार कुठून? ती असती तर तो बँकेच्या दारात कशाला गेला असता?

म्हणाल, सरकारी योजना आहेत ना! आहेत, आणि त्या नीट समजून घ्यायला हव्यात. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम 2008 पासून आहे. समजा, ग्रामीण भागातल्या खुल्या प्रवर्गातल्या तरुणाचा प्रकल्प पंधरा लाखांचा. त्यानं स्वतःचे दहा टक्के, म्हणजे दीड लाख घालायचे. बाकी साडेतेरा लाख बँक देते. अनुदान पंचवीस टक्के, म्हणजे पावणेचार लाख. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग वगैरेंना ग्रामीण भागात अनुदान पस्तीस टक्के आणि स्वतःचा वाटा पाच टक्के. पण लक्षात घ्या, हे अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकलेलं असतं, उद्योग चालला तर मग कर्जात वळतं होतं. म्हणजे योजना सरकारची असली तरी कर्ज द्यायचं की नाही, हे शेवटी बँकेचा अधिकारीच ठरवतो. अनुदानाच्या आकड्याकडे बघून उडी मारणारे इथेच फसतात. अन्नप्रक्रियेसाठी 2020 पासून केंद्राची वेगळी योजना आहे, तिच्यात पस्तीस टक्के, कमाल दहा लाख अनुदान. तीही कर्जाशीच जोडलेली.

आणखी एक गोष्ट. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकांनी तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेनं 2010 सालीच सांगितलेलं आहे. बँकेला धोका वाटू नये म्हणून 2000 सालापासून पतहमी न्यासही आहे. आमच्या विद्यार्थ्याचं कर्ज आठ लाखांचं होतं. त्याला हे ठाऊक नव्हतं. आणि लाज वाटते सांगायला, डॉक्टरेट असून आम्हालाही नव्हतं. नियम असणं आणि नियम माहीत असणं यांत आपल्याकडे फार मोठं अंतर असतं.

बरं, मग ते स्टार्टअपवाले? वर्तमानपत्रात रोज येतं, अमक्याला इतके कोटी मिळाले. ते कर्ज नसतं, भागभांडवल असतं. गुंतवणूकदार दहा कंपन्यांत पैसे घालतो, त्यातल्या बहुतेक बुडणार हे धरूनच चालतो, आणि एखादी पन्नासपट-शंभरपट वाढली की सगळ्यांची भरपाई होते. त्याला हवा असतो असा धंदा, जो एका मुंबईतून दहा शहरांत पसरेल. बाभुळगावची दालमिल कितीही चांगली चालली तरी शंभरपट होणार नाही. सरकारनं 2016 साली स्टार्टअपसाठी दहा हजार कोटींचा निधी जाहीर केला, पण तो थेट उद्योजकाला मिळत नाही; तो गुंतवणूक निधींना जातो, आणि ते निधी आपापल्या हिशेबानं कंपन्या निवडतात. 2021 च्या बीज निधी योजनेत कल्पना सिद्ध करायला वीस लाखांपर्यंत अनुदान आहे, पण ते इनक्युबेटरमार्फत, आणि नवं तंत्र असलेल्यालाच.

म्हणजे बघा, आपला पोरगा दोन दारांच्या मध्ये उभा आहे. बँक विचारते, काल तुझ्याकडे काय होतं? गुंतवणूकदार विचारतो, उद्या तू केवढा राक्षस होशील? आज तू काय करू शकतोस, हे विचारणारं तिसरं दारच नाही.

ते कधी नव्हतं का? होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली लोखंडी नांगर केला, तेव्हा शेतकरी म्हणायचे, लोखंडानं जमीन विषारी होते. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. पुढे बेळगावातली जागा सोडायची वेळ आली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ओसाड जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या माळरानाकडे बघून कोणत्या बँकेनं काय तारण लावलं असतं? राजानं ऐपत पाहिली नाही, पत पाहिली. दोन वर्षं न विकलेला नांगर घेऊन टिकून राहिलेला माणूस त्यानं पाहिला.

तुम्ही म्हणाल, आता राजे कुठून आणायचे? मग दुसरं उदाहरण घ्या. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. कल्पना साधी : प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यायचा, त्यातून स्वदेशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. त्या पैशांतून 1908 साली तळेगावला काच कारखाना निघाला, तिथे शिकलेले कारागीर पुढे इतर कारखान्यांत गेले. एक पैसा देणाऱ्याला तो परत मिळणार नव्हता, आणि हे त्याला माहीत होतं. पैसा फंडाचं मर्म आमच्या मते इथे आहे : तो बुडू शकेल असा पैसा होता.

हे आम्ही एवढं घोळवून का सांगतो आहोत? कारण आपण यवतमाळ जिल्ह्यात बसलो आहोत. इथे कर्ज हा शब्द काय आहे, हे तुम्हाला सांगायला नको. या जिल्ह्यातल्या आईला पोरगा म्हणाला, 'कर्ज काढतो', तर तिच्या पोटात गोळा येतो, आणि तो अडाणीपणा नसतो, अनुभव असतो. पहिला प्रयत्न फसण्याची शक्यता मोठी. आणि त्या पहिल्या प्रयत्नासाठी आपण पोराच्या हातात काय देतो? काहीही झालं तरी फेडावंच लागेल असं कर्ज. धोका सगळा ज्याची ऐपत सगळ्यात कमी त्याच्या डोक्यावर! यात हुशारीचा प्रश्न नाही, न्यायाचा आहे.

म्हणून आमचं म्हणणं असं. पहिल्या प्रयत्नाचा पैसा बुडाला तरी घर बुडू नये, अशी सोय गावानं करावी. गावातले नोकरदार, आमच्यासारखे पेन्शनवाले, पुण्या-मुंबईला गेलेली मंडळी यांनी बुडाले तरी चालतील एवढेच पैसे काढावेत, पण काढावेत. गावात त्या मुलाला लोक ओळखतात. त्याची पत बँकेपेक्षा तुम्हाला जास्त कळते.

आणि तरुणांनो, पत दिसेल अशी करा. आधी मशीन नको, आधी शंभर किलो डाळ दुसऱ्याच्या मिलमधून करून विका. प्रत्येक व्यवहार खात्यातून, बिलासह. उद्यम नोंदणी करा, ती फुकट आहे. ती असेल तर घेणाऱ्यानं पंचेचाळीस दिवसांत पैसे दिले पाहिजेत, असा 2006 चा कायदा तुमच्या बाजूला उभा राहतो. अर्ज करताना मशीनच्या कर्जाबरोबर माल घेण्यासाठीच्या कॅश क्रेडिटचंही तिथेच विचारा. आणि अर्ज सुगीच्या निदान सहा महिने आधी.

व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका मुलानं विचारलं, "सर, तुमच्या त्या विद्यार्थ्याचं पुढं काय झालं?"

दालमिल चालू आहे. मोठी नाही, दोन माणसं कामाला आहेत. आमचे दोन हप्ते त्यानं परत केले, आम्ही नको म्हणत असताना. पण ती मिल वाचली ती त्याच्या आईनं गळ्यातली पोत मोडली म्हणून, कोणत्या योजनेमुळे नाही. ती पोत अजून परत झालेली नाही. पुढच्या पोराच्या वेळी आईच्या गळ्यापर्यंत जाण्याआधी गाव पोचलं पाहिजे, एवढंच आमचं मागणं आहे.