पगार वाढला, तरी हातात कमी?

पगारवाढीचं पत्र आलं की घरात पेढे येतात आणि पाठोपाठ काळजीही येते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कंपू या वस्तीत राहणारं मराठी कुटुंब असो की पुण्यातलं, कुणीतरी वडीलधारं म्हणतंच, "अरे, वरच्या स्लॅबमध्ये गेलास की! आता वाढ मिळूनही हातात कमीच येणार."

ही भीती बहुतेक वेळा निराधार असते. पण एके काळी ती अगदी खरी होती, आणि आजही एका चिंचोळ्या पट्ट्यात ती खरी ठरते!

आधी नेहमीचा हिशेब पाहू. उत्पन्न फक्त पगाराचं आहे आणि नवी करप्रणाली घेतली आहे, असं धरू. स्लॅब म्हणजे ओळीने मांडलेल्या घागरी. पहिली भरली की पाणी दुसरीत जातं, पण पहिलीतलं पाणी तिथेच राहतं. 2025-26 च्या दरांनुसार 12 ते 16 लाखांच्या टप्प्याला 15 टक्के आणि 16 ते 20 लाखांच्या टप्प्याला 20 टक्के कर आहे. करपात्र उत्पन्न 15 लाख 80 हजारांवरून 16 लाख 40 हजारांवर गेलं, तर 20 टक्के लागतात ते फक्त 16 लाखांवरच्या 40 हजारांना. 60 हजारांच्या वाढीवर 11 हजार कर आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे एकूण 11,440 रुपये. उरलेले 48,560 आपले. त्यातून पीएफ वाढून कापला जाईल, पण तोही पैसा आपलाच.

मग ही भीती आली कुठून? 1860 मध्ये जेम्स विल्सन यांनी ब्रिटिश हिंदुस्थानात आयकर आणला. वर्षाला 200 ते 500 रुपये मिळवणाऱ्याला 2 टक्के, त्यापुढे 4 टक्के, आणि तेही संपूर्ण उत्पन्नावर. 499 रुपयांवर सुमारे 10 रुपये कर, 501 वर सुमारे 20! दोन रुपयांची वाढ आठ रुपयांना पडायची. सगळ्या उत्पन्नाला एकच दर लावणारी ही पायऱ्यांची रीत 1939 च्या दुरुस्तीने गेली आणि टप्प्यांची आली. ग्वाल्हेर संस्थान 1948 मध्ये मध्यभारतात विलीन झालं आणि केंद्राचा आयकर कायदा तिथे 1 एप्रिल 1950 पासून लागू झाला. म्हणजे केंद्राच्या आयकरातली ती जुनी पायरी कंपूतल्या नोकरदाराच्या वाट्याला आलीच नाही. भीती मात्र आली.

आता तो चिंचोळा पट्टा. 75 हजारांची प्रमाणित वजावट धरून 12 लाख 75 हजारांपर्यंतच्या पगारावर कर शून्य, कारण 60 हजारांपर्यंतची सूट सगळा कर पुसून टाकते. पगार 10 हजारांनी वाढला की ती सूट जाते आणि कर होतो 61,500. एवढा मोठा खड्डा पडू नये म्हणून कायदा सांगतो, 12 लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, त्याहून जास्त कर नको. म्हणून कर 10 हजारांवर थांबतो. पण त्यावर 4 टक्के उपकर बसतोच! 10 हजारांची वाढ, 10,400 चा भरणा. वाढीनंतर हातात आधीपेक्षा 400 रुपये कमी. पगार साधारण 13 लाख 49 हजारांच्या पुढे गेला की मगच वाढीचा पैसा हाती उरू लागतो.

वाढ वर्षाच्या मध्यावर थकबाकीसह मिळाली, तर वर्षभराचा कर उरलेल्या थोड्या महिन्यांत कापला जातो आणि स्लिप जास्तच भेसूर दिसते. तेव्हा एका महिन्याची स्लिप पाहू नका, वर्षाची बेरीज करा. आणि तुमचा नवा पगार या पट्ट्यात पडत असेल, तर वाढीची रक्कम मालकाच्या हिश्श्यातून एनपीएसमध्ये टाकता येईल का, हे लेखाविभागाला आवर्जून विचारा. मूळ पगाराच्या 14 टक्क्यांपर्यंतचा असा हिस्सा नव्या प्रणालीतही वजा होतो, आणि करपात्र उत्पन्न पुन्हा 12 लाखांवर आलं की कर शून्य.