गुंतवळा नको, भांग बघा

पणदऱ्यापासून इंदापूरपर्यंतच्या ऊसपट्ट्यात बाईचे केस गळू लागले की पहिला ठपका बोअरच्या खाऱ्या पाण्यावर येतो. संशय अगदीच वेडगळ नाही. २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड भागात लोकांना थोड्या दिवसांत टक्कल पडू लागलं, तेव्हाही आधी पाण्याकडेच बोट गेलं. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांच्या तपासण्यांत रुग्णांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियम फार वाढलेलं दिसलं आणि रोख रेशनच्या गव्हाकडे वळला. पण तिथे बाया, पुरुष, पोरं, सगळ्यांचेच केस एकदम जात होते. एकाच नळावर न्हाणाऱ्या घरात एकटीचेच केस विरळ होत असतील, तर कारण आधी तिच्याकडेच शोधावं लागतं. खाऱ्या पाण्यानं केस राठ होतो, मधेच तुटतो. मुळातून सुटलेल्या केसाच्या टोकाला मात्र बारीक पांढरी गाठ असते. एक केस उजेडात धरला तरी हा फरक कळतो.

दुसरा पुरावा तारखेचा. बाळंतपण, टायफॉइड किंवा डेंग्यूचा ताप, मोठं ऑपरेशन, उपाशीपोटी घटवलेलं वजन, यांचा परिणाम केसांवर दोन-तीन महिन्यांनी दिसतो. जानेवारीत बाळंत झालेलीचे केस एप्रिलमध्ये मूठमूठ जातात आणि दोष बसतो नव्या शाम्पूला! ही गळती बहुधा आपोआप थांबते. न थांबणारी वेगळी. तिच्यात फणीवर फारसं काही दिसत नाही, पण केस बारीक होत जातात आणि कपाळावरची केसांची रेघ जागेवर असतानाच मधला भांग रुंदावतो. याच रुंदीवरून त्वचारोगतज्ज्ञ लुडविग यांनी १९७७ मध्ये तीन पायऱ्या ठरवल्या. रोज ५० ते १०० केस गळणं नेहमीचंच, आणि चार दिवसांनी न्हायलं की गुंतवळा मोठा दिसणारच. त्यामुळे किती केस गेले हे गुंतवळ्यावरून ठरवता येत नाही. कानशिलावरच विरळ झालं असेल, तर घट्ट वेणी-अंबाडा आधी सैल करावा.

‘एवढ्यासाठी तपासण्यांवर पैसे कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. महागडं पॅकेज खरोखरच नको. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायांमध्ये रक्त कमी आढळलं. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा आटलेला असू शकतो. तो फेरिटिनच्या तपासणीत कळतो. त्याच्या जोडीला थायरॉइड, आणि पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर केस येत असतील तर पीसीओएसची (अंडाशयाशी संबंधित संप्रेरकांच्या विकाराची) चौकशी. एवढ्यावर बहुतेकींचं निदान पुढे सरकतं. बायोटिनच्या गोळ्या चालू असल्या तर डॉक्टरांना आधी सांगावं, त्या गोळ्यांमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. आणि दर तीन महिन्यांनी, त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात भांगाचा एक फोटो काढून तोही सोबत न्यावा.