मदिनेहून: चोवीस गुंठे

सौदी अरेबियात आपल्यासारखी राज्यघटना नाही. 1992 च्या मूलभूत कायद्यानं कुराण आणि पैगंबरांची सुन्ना, म्हणजे त्यांचा आचार, हीच घटना ठरवली. आमच्या पोशीर गावच्या पारावर हे सांगितलं तर कोणीतरी विचारीलच, धर्मग्रंथावर कोर्टकचेरी चालते कशी? त्यासाठी मदिना शहराच्या उत्तरेला, उहुदच्या डोंगराखाली यावं लागतं.

डोंगर तांबूस, उघडाबोडका. समोर तिरंदाजांची टेकडी. माथेरानच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला ती टेकाडच वाटते. 625 साली इथे झालेल्या लढाईत मक्केच्या तीन हजारांसमोर मुसलमान उभे राहिले जेमतेम सातशे. त्यात मक्केहून परागंदा झालेले मुहाजिर आणि त्यांना आसरा देणारे मदिनेचे अन्सार. अन्सारांतले औस आणि खजरज हे कबिले तर काही वर्षांपूर्वी एकमेकांच्या जिवावर उठलेले. टेकडीवरच्या पन्नास तिरंदाजांना जागा न सोडण्याची ताकीद होती. विजय दिसताच बहुतेक जण लुटीकडे धावले. शत्रूचं घोडदळ मागून आलं आणि सत्तरेक माणसं पडली.

निवडणुकीत पडलेलं पॅनेल आधी काय करतं, हे आपल्याला ठाऊक आहे. कोण फुटला ते शोधतं. कुराणातल्या आले-इम्रान या अध्यायात उहुदवर साठेक आयती, म्हणजे वचनं, आहेत. हुकूम मोडला, लोभ सुटला, हे त्यात स्वच्छ म्हटलंय. पण पुढे पैगंबरांना सांगितलंय की यांना माफ करा आणि मसलतीला बसवत राहा. ऐकणाऱ्यांत वाचलेले तिरंदाजही असणारच. मला या आयतींचं बळ त्या दुसऱ्या वाक्यात दिसतं.

दफन करताना एकेका कबरीत दोघे ठेवले. ज्याला कुराण जास्त पाठ, तो आधी. मान कबिल्याचा नव्हता.

मागे विधवा आणि पोरकी मुलं उरली. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांविषयीच्या कथनांत, साद बिन रबी यांच्या पत्नीची हकिकत येते. नवरा उहुदला गेला, दिरानं सगळी मालमत्ता ताब्यात घेतली, पदरात दोन मुली. भाऊबंदकी इथेही तीच! मग वारशाची आयत आली. मुलींना दोन तृतीयांश, आईला आठवा हिस्सा, उरलेलं चुलत्याला. इथली न्यायालयं आजही याच हिशेबानं वाटणी करतात.

सातबाऱ्यावर चोवीस गुंठे असते, तर सोळा मुलींना, तीन आईला, पाच चुलत्याला. आमच्याकडे मात्र माहेरवाशिणी अजून हक्कसोडपत्रावर सही करून सासरी परततात.