घरच्या यंत्रणेला पदरची जोड

पावसाळ्यात राधानगरीचे धरण काठोकाठ भरले, की 'स्वयंचलित दरवाजा उघडला' ही वर्दी कोल्हापूर जिल्ह्यातील वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकते, आणि भोगावती-पंचगंगेच्या काठची गावे सावध होतात. या सात दरवाज्यांना वीज लागत नाही, की कळ दाबावयास माणूस लागत नाही. जलाशयाचे पाणी ठरलेल्या पातळीस पोचले म्हणजे पाण्याचा दाब आणि वजनांचा तोल यांच्या योगाने दरवाजा आपोआप उघडतो, सेकंदाला १४२८ घनफूट पाणी नदीत सोडतो, आणि पातळी उतरली की आपोआपच मिटतो. पुण्याजवळ खडकवासल्याच्या जलाशयावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी स्वतः कल्पिलेले आणि एकस्व मिळवलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ सालीच बसवले होते. आणि राधानगरीचा संकल्प ज्यांनी सोडला ते राजर्षी शाहू तर कागलकर घाटग्यांच्या घराण्यातले, १८८४ साली दत्तकविधानाने करवीरच्या गादीवर आलेले. तेव्हा यंत्राने आपले काम आपण ओळखून करावे ही कल्पना भ्रमणध्वनीच्या मागोमाग परदेशातून आमच्याकडे आली, असा समज निदान या मुलुखात तरी कोणी करून घेऊ नये.

आज 'स्मार्ट होम' या नावाने जो माल बाजारात विकला जातो, त्याचा कारभार मात्र याहून फार निराळा आहे. बोलल्यावर लागणारा दिवा, कोठूनही बंद करता येणारा पंखा, दारावर कोण आले ते दाखवणारा कॅमेरा हे सारे ज्या गृहस्थाच्या सोयीसाठी निर्मिलेले असते, त्याच्या घरी पाणी अष्टौप्रहर वाहते आणि वीज कधी जात नाही असे कारखानदाराने गृहीत धरलेले असते. कोल्हापूरच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरवर, पुणे-बंगळूर महामार्गालगत, दूधगंगेच्या शेजारी वसलेल्या कागलातील घराची मुख्य चिंता दिव्याची नसून पाण्याची असते. नळाचे पाणी खालच्या हौदात किती आले, गच्चीवरच्या टाकीत किती चढले, मोटर कोरडी तर फिरत नाही ना, आणि मळ्यात 'लाईट आली काय?' हे प्रश्न ज्या घरात दिवसातून चारदा विचारले जातात, त्या घरासाठी तयार मालात उत्तर नसते. सबब ते उत्तर हौशी माणसाने पदरच्या बुद्धीने तयार करून मूळ यंत्रणेस जोडावे लागते. आणि आमच्या मते या साऱ्या खटाटोपात खरोखर मोलाचा भाग कोणता असेल तर ती ही जोडच होय, कारण घराचा स्वभाव फक्त त्या घरातल्या माणसालाच ठाऊक असतो.

अशा जोडकामाला अनुकूल काळ अलीकडेच आला. १९७५ साली स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने घरातील विजेच्या तारांतूनच संदेश धाडणारी 'एक्स-टेन' ही पद्धत काढली, परंतु ती महाग आणि बव्हंशी अमेरिकेपुरती राहिली. पुढे २००५ च्या सुमारास इटलीतील इव्रेआ येथे आर्दुइनो ही शिकाऊंसाठीची सर्किटची पाटी निघाली, २०१२ साली रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आला, आणि २०१४ मध्ये शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी-८२६६ ही वायफायची चिप हौशी लोकांच्या हाती पडली. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या, काहीशे रुपयांत मिळणाऱ्या त्या चिपने गच्चीवरची टाकी आणि माजघरातला भ्रमणध्वनी यांच्यातील अंतर नाहीसे केले. या साऱ्यांना एका दप्तराखाली आणणारी 'होम असिस्टंट' ही मुक्त आज्ञावली पाउलस स्खाउत्सेन या डच तरुणाने २०१३ मध्ये सुरू केली; ती घरातल्याच लहान संगणकावर चालते, कोणा परक्या कंपनीच्या सर्व्हरकडे हजेरी लावत नाही, आणि तिला नवनव्या जोडण्या देण्याची मुभा तिच्या रचनेतच आहे.

आता एक जोड जवळून पाहू. गच्चीवरच्या काळ्या टाकीतील पाणी मोजण्यासाठी झाकणाला आतून एक संवेदक बसवतात. तो सेकंदाला ४० हजार कंपनांचा, म्हणजे मानवी कानास न ऐकू येणारा, ध्वनी पाण्याकडे सोडतो आणि प्रतिध्वनी परत येईपर्यंतचा काळ मोजतो. पाणी एक मीटर खाली असेल तर हा काळ सुमारे ५.८ सहस्रांश सेकंद भरतो. तत्त्व शाळकरी मुलालाही समजावे इतके सोपे असले, तरी बारकावे प्रत्यक्षात येतात. चैत्र-वैशाखात टाकीतील हवा ४० अंशांस तापली, की २० अंशांच्या मानाने ध्वनीचा वेग साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढतो, आणि एक मीटरच्या मापात तीन-साडेतीन सेंटिमीटरांची तफावत पडते. तेवढ्यासाठी शेजारी तापमान मोजणारा आणखी एक नग लावून हिशेब दुरुस्त करावा लागतो. वरून पाण्याची धार पडत असताना पृष्ठभाग हलतो, आणि मापे वेडीवाकडी येतात. म्हणून एकाच मापावर विश्वास न ठेवता ओळीने सात-आठ मापे घेऊन त्यांतले मधले ग्राह्य धरावे, असा शिरस्ता आहे. त्यातही गंमत अशी, की जलरोधक जातीच्या संवेदकाला सुमारे २० सेंटिमीटरांच्या आतले काहीच ओळखता येत नाही. म्हणजे टाकी भरत आली, नेमके मोजण्याची गरज पडली, की हा साक्षीदार फितूर होतो. जुन्या घडणीचा साधा फ्लोट, जो पाण्याबरोबर वर येऊन एक संपर्क तोडतो, तो यासाठी टाकीच्या तोंडाशी जरूर ठेवावा. आधुनिक उपकरणाने सर्व पाणी मोजावे, आणि शेवटचा हुकूम मात्र फ्लोटाचा असावा, ही तजवीज आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते.

मोजणे झाले, आता मोटर. नवशिके लोक येथे निळ्या रंगाची छोटी रिले आणून तिच्यातूनच मोटरीचा प्रवाह नेतात. तिच्यावर १० अँपिअर असे छापलेले असते, आणि एक अश्वशक्तीची मोटर चालताना पाच-सहा अँपिअरच घेते, तेव्हा हिशेब बरोबर दिसतो. पण सुरू होण्याच्या क्षणी तीच मोटर त्याच्या पाच-सहापट प्रवाह ओढते, रिलेतील संपर्कबिंदू ठिणगीने वितळून एकमेकांस चिकटतात, आणि मग भ्रमणध्वनीवर 'बंद' दिसत असताना गच्चीवरून पाणी वाहत राहते. खरी जागा स्टार्टरच्या आत आहे. तीन फेजच्या स्टार्टरला हिरवे आणि लाल अशी दोन बटणे असतात. हिरवे बटण क्षणभर संपर्क जुळवते, तेवढ्याने आतील गुंडाळीला वीज मिळून काँटॅक्टर ओढला जातो आणि पुढे स्वतःच्याच एका संपर्कावर स्वतःला धरून ठेवतो. लाल बटण दाबल्यावर तो धागा तुटतो. हौशी माणसाने आपली एक रिले हिरव्या बटणाला समांतर लावावी आणि ती सेकंद-दोन सेकंदच जुळेल अशी आज्ञा द्यावी, आणि दुसरी लाल बटणाच्या ओळीत, नेहमी जुळलेली राहील अशी घालावी. या मांडणीत मोटरीचा प्रवाह रिलेमधून जातच नाही, ओव्हरलोडचा बंदोबस्त अबाधित राहतो, वीज गेली तर काँटॅक्टर आपसूक सुटतो. आणि मुख्य म्हणजे हातची दोन्ही बटणे पूर्ववत चालतात, त्यामुळे घरातल्या आजीला या नव्या कारभाराची दखलही घ्यावी लागत नाही. हे काम अर्थात ४१५ व्होल्टांच्या शेजारी आहे. ते परवानाधारक वायरमनच्या हातून, मेन पाडूनच व्हावे.

टाकी, मोटर आणि घरातला संगणक यांच्यातील निरोपांची पद्धतही मूळची नळांशीच संबंधित आहे, हे वाचकांस मौजेचे वाटेल. आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉम कंपनीचे आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवण्यासाठी 'एमक्यूटीटी' ही संदेशपद्धत रचली. उपग्रहाचा मार्ग महाग, म्हणून निरोप होईल तितका आखूड. तिच्यात एक मध्यस्थ असतो, तो चावडीवरच्या कारकुनासारखा: टाकीने आपली वर्दी त्याच्याकडे रुजू करावी, आणि ज्याला टाकीच्या कारभारात स्वारस्य असेल त्याने ती त्याच्याकडून घ्यावी; टाकीला मोटर ठाऊक नसते, मोटरीला टाकी. त्यामुळे उद्या हौदाचा, परवा पावसाचा संवेदक जोडला, तरी जुन्या तारा उसकटाव्या लागत नाहीत.

हा मध्यस्थ होम असिस्टंटमध्ये 'ॲड-ऑन' म्हणून, म्हणजे मुख्य आज्ञावलीच्या शेजारी आपल्या वेगळ्या कोठडीत चालणारा कार्यक्रम म्हणून बसवता येतो. याहून निराळा प्रकार म्हणजे पायथन भाषेत स्वतः लिहिलेली जोडणी: तिच्यासाठी ठरावीक नावाचा एक कप्पा असतो, त्यात जोडणीचे नाव-गाव सांगणारा एक दाखला आणि प्रत्यक्ष आज्ञावली ठेवली, की यंत्रणा पुढच्या वेळी सुरू होताना तिला आपलीच मानते. येथे सावधगिरीची गरज आहे. अशा जोडणीला मुख्य आज्ञावलीचे सारे अधिकार मिळतात. ती घरातील कुलपेही उघडू शकते आणि संकेतशब्दही वाचू शकते. तेव्हा दुसऱ्याने लिहून ठेवलेली जोडणी, फुकट मिळते एवढ्यावरून, उतरवून घेऊ नये. निदान ती कोण सांभाळतो, अलीकडे दुरुस्त केली आहे काय, हे तरी पाहावे. मूळ यंत्रणेची नवी आवृत्ती दर महिन्यास येते आणि हौशी जोडण्यांपैकी एखादी तिच्यासरशी मुकी होते. जुन्या आवृत्तीची प्रत राखल्यावाचून नवी घेऊ नये, आणि सणासुदीच्या आदल्या रात्री तर मुळीच घेऊ नये.

घरातून मळ्यात गेले, की हाच प्रश्न मोठा होतो. 'झोंबी' या आत्मचरित्रात्मक कादंबरीतून आनंद यादवांनी जे कागल मराठी वाचकांपुढे उभे केले, त्यातील पोराच्या वाट्याला मोटेचे पाणी आणि त्यामागचे कष्ट होते. त्यांच्या नंतरच्या पिढ्यांच्या वाट्याला वीज आली, पण ती ठरावीक तास, कधी दिवसा तर कधी रात्री, आणि ऊस तर पाण्यावाचून थांबत नाही. अपरात्री बॅटरी घेऊन, सापकिरडाच्या वाटेने, केवळ एक बटण दाबण्यासाठी नदीकाठी जाणे, हा ज्यांचा नित्याचा अनुभव होता, त्यांच्यासाठी पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' हे उपकरण काढले: स्टार्टरला एक भ्रमणध्वनी जोडलेला, शेतकऱ्याने घरून त्याला फोन लावावा, वीज आहे की नाही ते स्वरांवरून ओळखावे, आणि आकडे दाबून पंप चालू अथवा बंद करावा. २००९ साली नोकियाने घेतलेल्या जागतिक स्पर्धेत त्यास उदयोन्मुख बाजारपेठांच्या विभागात पारितोषिक मिळाले. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील गुण हा, की त्याने नवा पंप दिला नाही. जो होता, त्याला जोड दिली.

पण त्याहून कितीतरी स्वस्त अशी एक जोड शिवारोशिवारी आधीच पोचली आहे, आणि ती म्हणजे ऑटो स्विच. वीज आली की स्टार्टर आपणहून ओढणारी ही छोटी पेटी. 'ऑटोवर टाकलीया' एवढे म्हणून माणूस निर्धास्त झोपतो. प्रत्येकाच्या दृष्टीने ही सोय निर्दोष आहे. परंतु रात्री वीज आली, की एका डीपीवरील साऱ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात, प्रत्येक आपल्या नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह मागते, विजेचा दाब कोसळतो, फ्यूज उडतो, आणि प्रसंगी रोहित्रच जळून आठ-आठ दिवस सगळे शिवार अंधारात राहते. महावितरण म्हणूनच वारंवार विनंती करते, की ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा. हौशी माणसाला येथे खरे कौशल्य दाखवता येईल: वीज आल्यावर मोटरीने लगेच न उठता काही मिनिटे थांबावे, ती मिनिटे प्रत्येक शेजाऱ्याची वेगळी असावीत, आणि दाब पुरेसा स्थिर झाल्याची खात्री करूनच हिरव्या बटणाची रिले जुळवावी. आज्ञावलीत ही भर चार-पाच ओळींची आहे. शेजाऱ्यांना राजी करणे तेवढे आज्ञावलीबाहेरचे. नदीकाठच्या मोटरींनाही अशीच एक जोड हवी आहे, कारण पूर चढू लागला की त्या रातोरात वर काढाव्या लागतात, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर तरी काठाशी पाणीपातळीचा एखादा संवेदक लावण्याचे महत्त्व या तालुक्यात कोणास समजावून सांगावे लागू नये.

परक्या सर्व्हरवर विसंबलेल्या यंत्रणांची गत काय होते, हेही जग पाहून चुकले आहे. 'रिव्हॉल्व्ह' नावाचा घरगुती यंत्रे चालवणारा नग मालक कंपनीने २०१६ च्या मे महिन्यात सर्व्हरसह बंद केला, तेव्हा लोकांनी विकत घेतलेली वस्तू त्यांच्या घरातच निकामी झाली. एप्रिल २०२२ मध्ये 'इन्स्टिऑन'चे सर्व्हर पूर्वसूचनेशिवाय बंद पडले, आणि अनेक ग्राहकांनी त्याच उपकरणांना होम असिस्टंटच्या आश्रयाने पुन्हा जिवंत केले. हौशी जोडकामात हा धोका कमी. पण त्याच्या जागी दुसरा येतो, तो म्हणजे हौशी माणूसच. कागलातील पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हात बसलेला मुलगा सुट्टीच्या दिवशी हे सारे उभे करतो, आणि नोकरीसाठी पुण्या-बंगळूरला जातो. मागे राहतात आईवडील, गच्चीवरची पेटी, आणि तिच्यातून निघणाऱ्या सहा रंगांच्या तारा. मृगाच्या पावसात पेटीत पाणी गेले, वा वळवाच्या विजेने चिप जळली, तर ते बिचारे काय करणार?

म्हणून आमची सूचना अशी, की पेटी जलरोधक घ्यावी, तारांची तोंडे खालच्या बाजूस काढावीत, आणि झाकणाच्या आतल्या अंगाला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद चिकटवावा. त्यावर मराठीत, ठळक अक्षरांत, कोणत्या रंगाची तार कोठे जाते हे लिहावे, जोड तोडून मोटर पूर्ववत हातबटणावर आणण्यासाठी कोणत्या दोन तारा सोडवाव्या लागतात ते लिहावे, आणि आधी मेन पाडल्याशिवाय झाकणाला हात लावू नये, ही ताकीद लाल शाईने सर्वांत वर असावी.