जांभळी रेघ वर का चढते?
सातवीच्या विज्ञानात वहन, अभिसरण, प्रारण एका दमात येतात. पोरं तिन्ही पाठ करतात, पण अभिसरण डोळ्यांनी दाखवावंच लागतं.

चंचुपात्रात गार पाणी. तळाशी एका कडेला पोटॅशियम परमँगनेटचा एकच खडा (चिमूटभर टाकलात तर सगळंच जांभळं!) आणि बरोबर त्याच्याखाली मंद आच. जांभळी रेघ वर चढते, आडवी पसरते, पलीकडून खाली उतरते. २० अंशांना लिटरभर पाणी साधारण ९९८ ग्रॅम भरतं, ८० अंशांना ९७२. हलकं वर, जड खाली!

मग पोरांना पटांगणात काढा. आमच्या खालापुरात भर दुपारी बोरघाटाच्या बाजूला घारी पंख न हलवता गोल गोल चढताना दिसतात. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवाच त्यांना उचलते. भल्या सकाळी त्या तशा का चढत नाहीत, ते पोरांनाच विचारा.