वैज्ञानिक व अभियांत्रिकी कार्यासाठी संगणक भाषेची निवड

वैज्ञानिक वा अभियांत्रिकीय प्रश्न सोडविण्यासाठी संगणकास द्यावयाच्या आज्ञा कोणत्या भाषेत लिहावयाच्या, हे ठरविण्याची क्रिया. संगणकाच्या प्रक्रियकाला केवळ ० व १ या अंकांत मांडलेली यंत्रभाषा कळते. मनुष्याला सोईच्या भाषेत लिहिलेल्या संपूर्ण आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनास कंपायलर म्हणतात, तर आज्ञा एकामागून एक वाचून लगेच अंमलात आणणाऱ्या साधनास इंटरप्रीटर म्हणतात. वेतन, हिशेब इ. कामांत नोंदींची हाताळणी महत्त्वाची असते. उलट वैज्ञानिक कामांत अवकल समीकरणांची आसन्न उत्तरे काढणे, मोठे आव्यूह हाताळणे व त्यासाठी कोट्यवधी गुणाकार-बेरजा करणे ही मुख्य गरज असते. सर्व कामांसाठी उत्तम अशी एकच भाषा नाही. आज्ञावली किती काळ, कोणत्या यंत्रावर आणि कोणाकडून वापरली जाणार, यांवर निवड अवलंबून असते.

ऐतिहासिक आढावा : भारतात हा प्रश्न प्रत्यक्ष कसा उपस्थित झाला हे मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (कुलाबा) उदाहरणावरून दिसून येते. रं. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेत बांधण्यात आलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला व १९६२ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात सु. २,७०० निर्वात नलिका होत्या. ४० द्विमान अंकांचा एक, असे २,०४८ शब्द त्याच्या फेराइट गाभ्यांच्या स्मृतीत मावत. आज्ञावली यंत्रभाषेत लिहावी लागे. म्हणजे प्रत्येक संख्या स्मृतीच्या कोणत्या घरात ठेवावयाची हेही वैज्ञानिकालाच ठरवावे लागे. अशी आज्ञावली त्या यंत्राशी इतकी निगडित असे की, १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास टिफ्रॅक सेवेतून निवृत्त झाल्यावर तीही निरुपयोगी ठरली. समीकरणे व गणनपद्धती टिकल्या, परंतु त्या यंत्रासाठी घेतलेले लेखनाचे श्रम वाया गेले.

१९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकन बनावटीचा संगणक बसविण्यात आला. देशातील इतर संस्थांनाही त्याचा उपयोग करता येई. त्यावर फोर्ट्रान ही भाषा उपलब्ध होती. जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये आयबीएम ७०४ या संगणकासाठी तयार केलेल्या या भाषेत गणिती सूत्रे जवळजवळ कागदावर लिहितात तशीच लिहिता येतात. त्यामुळे पदार्थवैज्ञानिक वा अभियंता स्वतःच आज्ञावली लिहू लागला आणि एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली थोड्या फेरफारांनी दुसऱ्या यंत्रावर चालू लागली. १९६६ मध्ये या भाषेचे पहिले प्रमाणीकरण झाले. १९७७ व १९९० च्या आणि त्यांनंतरच्या आवृत्त्यांनी तिचा विस्तार केला.

निवडीचे निकष : (१) वेग : फोर्ट्रान, सी (१९७२) व सी++ (१९८५) यांतील आज्ञावलीचे आधीच यंत्रभाषेत रूपांतर होत असल्याने त्या वेगवान असतात. पायथॉन (१९९१) या भाषेत एकेका संख्येवर क्रिया करणारी लांब आवर्तने बरीच सावकाश चालतात. परंतु संख्यांची संपूर्ण सारणी एकदम नम्पाय यासारख्या संग्रहाकडे सोपविली, तर प्रत्यक्ष गणन आधीच यंत्रभाषेत रूपांतरित केलेल्या भागांकडून होते व ही उणीव बरीच भरून निघते. वेग लेखनपद्धतीवरही अवलंबून असतो. फोर्ट्रानमध्ये आव्यूह स्मृतीत स्तंभांच्या क्रमाने साठविला जातो, तर सी भाषेत ओळींच्या क्रमाने. या क्रमाविरुद्ध संख्या वाचल्यास तेच काम पुष्कळच सावकाश होते.

(२) अचूकता : भाषा तीच असली, तरी उत्तर तेच येईल असे नाही. सीडीसी ३६०० वर ४८ अंकी द्विमान शब्दात अपूर्णांक सु. १० दशमान अंकांपर्यंत अचूक राहत. आयबीएम ३६० वरील ३२ अंकी शब्दात ही मर्यादा ६ ते ७ अंकांवर येई. जवळजवळ समान अशा दोन संख्यांची वजाबाकी करताना हा फरक संपूर्ण उत्तर बिघडवू शकतो. १९८५ च्या आंतरराष्ट्रीय मानकामुळे यंत्रांतील अशी तफावत कमी झाली. तथापि आजही पायथॉनमध्ये अपूर्णांक सामान्यतः १५ ते १६ अंकांपर्यंत अचूक असतात, तर फोर्ट्रानमध्ये वेगळी सूचना न दिल्यास बहुधा सु. ७ अंकांपर्यंतच.

(३) तयार संग्रह : रेषीय समीकरणे सोडविणाऱ्या, अनेक वर्षे तपासून घेतलेल्या आज्ञावल्या नव्याने लिहिणे हे अपव्ययाचे व धोक्याचेही असते. लॅपॅक (१९९२) हा असा संग्रह फोर्ट्रानमध्ये लिहिलेला असून मॅटलॅब, पायथॉन वा ज्यूलिया (२०१२) वापरणारे संशोधकही अनेकदा नकळत त्याचाच आधार घेतात.

(४) मनुष्यश्रम व टिकाऊपणा : एकदाच चालवावयाच्या आज्ञावलीत लिहिणाऱ्याचा वेळ यंत्राच्या वेळेपेक्षा मोलाचा असतो. दशकानुदशके वापरावयाच्या आज्ञावलीच्या बाबतीत मात्र मूळ लेखक गेल्यावर ती वाचू व दुरुस्त करू शकणारी माणसे मिळतील काय, हा निर्णायक प्रश्न ठरतो.

उदाहरण : २७ जुलै २००५ रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत मुंबईतील सांताक्रूझ येथे सु. ९४४ मिमी. पावसाची नोंद झाली, तर तेथून वीस-पंचवीस किमी. वरील कुलाबा येथे केवळ सु. ७३ मिमी. हा फरक पूर्वानुमानात दाखवावयाचा असेल, तर गणनाच्या जाळीतील बिंदूंमध्ये काही थोड्याच किमी.चे अंतर असले पाहिजे. हे अंतर निम्मे केल्यास दोन आडव्या दिशांमुळे बिंदू चौपट होतात आणि कालाची पायरीही निम्मी करावी लागल्याने एकूण काम सु. आठपट होते. २४ किमी. वरून ३ किमी. वर यावयाचे झाल्यास ते ५१२ पट वाढते. शिवाय पूर्वानुमान पाऊस पडण्यापूर्वीच हाती येणे आवश्यक असते. म्हणून भारत हवामानशास्त्र विभागातही वापरात असलेले डब्ल्यूआरएफ यासारखे प्रतिमान मुख्यतः फोर्ट्रानमध्ये लिहिलेले आहे. याउलट याच दोन ठिकाणच्या अनेक वर्षांच्या पर्जन्यनोंदींची सरासरी काढणे व आलेख काढणे या कामाला पायथॉन किंवा आर ही भाषा पुरेशी व अधिक सोईची असते. एकाच विषयाच्या दोन अंगांसाठी अशा दोन भाषा योग्य ठरतात.

मर्यादा : भाषेची निवड ही विचारपूर्वक केलेल्या परीक्षणाची जागा घेऊ शकत नाही. एरियान ५ या यूरोपीय अग्निबाणाच्या मार्गदर्शन यंत्रणेतील आज्ञावली एडा या सुरक्षिततेसाठी नावाजलेल्या भाषेत लिहिलेली होती. परंतु एरियान ४ साठी लिहिलेला भाग तसाच वापरण्यात आला आणि एका ६४ अंकी द्विमान अपूर्णांकाचे १६ अंकी पूर्णांकात रूपांतर करताना संख्या मर्यादेबाहेर गेली. या ठिकाणी चूक पकडण्याची तरतूद ठेवलेली नव्हती. परिणामी ४ जून १९९६ रोजी पहिल्याच उड्डाणात सु. ४० सेकंदांत अग्निबाण नष्ट झाला.

यामुळे व्यवहारात सामान्यतः पुढील पद्धत अनुसरतात : प्रथम सोप्या भाषेत लहान प्रमाणावर आज्ञावली लिहून तिचे उत्तर हाताने काढलेल्या वा आधीच ज्ञात असलेल्या उत्तराशी ताडून पाहतात. नंतर अधिकांश वेळ कोणत्या भागात खर्च होतो हे मोजतात आणि जरूर भासल्यास तेवढाच भाग फोर्ट्रान, सी वा सी++ मध्ये पुन्हा लिहितात. गणनपद्धती, गृहीतके व एकके यांची नोंद आज्ञावलीबरोबरच ठेवतात. अशी नोंद असल्यास यंत्र वा भाषा बदलली, तरी आज्ञावली पुन्हा उभारता येते.